हिरामणच्या रेडिओतली खरखर

विष्णुपंत पोंक्षे अंबरनाथच्या कारखान्यात ट्रेसर होते. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने कागदावर काढलेलं यंत्र पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचं, हे त्यांचं काम. रेष जाड आली तर ब्लेडने अलगद खरवडायची आणि पुन्हा काढायची. त्यांच्या हाताखालून पंप गेले, गिअर गेले, कशाकशाला लागणारे असंख्य बोल्ट गेले. त्यांतलं एकही यंत्र त्यांनी चालताना पाहिलं नव्हतं. यंत्रं चालत त्या भागात जायचा पास ट्रेसरला मिळत नसे, आणि विष्णुपंतांनी तो कधी मागितलाही नाही.

बिऱ्हाड बदलापूर गावात होतं. हिरामण भोपीच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. हिरामण गवताचा व्यापारी. आसपासच्या माळांवरचं गवत कापून, गठ्ठे बांधून तो मुंबईच्या तबेल्यांना पाठवी. दोन्ही घरांत भिंत एकच होती आणि ओटी सामाईक होती. हिरामणला हळू बोलता येत नसे आणि विष्णुपंतांना मोठ्याने बोलता येत नसे. त्यामुळे भोप्यांकडची सगळी हकिगत पोंक्ष्यांना ठाऊक असे, आणि पोंक्ष्यांची भोप्यांना काहीच ठाऊक नसे. पोंक्ष्यांकडे विष्णुपंत आणि मालिनीबाई अशी दोघंच होती. ठाऊक करून घेण्यासारखंही फारसं काही नसावं असं हिरामणच्या आईला, बनूबाईला, वाटत आलं होतं.

कारखान्याच्या वाचनालयात रद्दीला निघालेल्या एका अमेरिकन मासिकात विष्णुपंतांना एक लेख सापडला. मोटारीच्या प्लगमध्ये ठिणगी पाडण्यासाठी एक कॉइल असते. बॅटरीच्या इवल्याशा दाबाचा ती मोठा दाब करते. ती घ्यायची. तांब्याची तार, काचेच्या बरण्या आणि एक नळकांडं घ्यायचं. आणि या सगळ्यातून हातभर अंतरावरची विजेची नळी, तिला तार न जोडता, पेटवायची. टेस्ला नावाच्या एका गृहस्थाने हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं होतं, असं लेखात होतं. शेवटी असंही होतं की कुठल्याही चुणचुणीत मुलाला हे एका सुट्टीत जमावं. विष्णुपंतांना दीड वर्ष लागलं.

मोटारीचे सुटे भाग उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये मिळत. लढाईच्या काळात तिथे पलटणींची छावणी होती. पलटणी गेल्या, त्यांचे ट्रक मागे राहिले आणि फाळणीनंतर त्यांच्या बराकींत सिंधी माणसं राहायला आली. टोपणदासचं दुकान म्हणजे पुढे एक फळी आणि मागे ट्रकांची आतडी. विष्णुपंतांनी कॉइल मागितली तेव्हा त्याने गाडी कुठली म्हणून विचारलं. गाडी नाही म्हटल्यावर तो थांबला. विष्णुपंतांनी जमेल तेवढं समजावून सांगितलं.

“मतलब, ती चीज काम काय करणार?” टोपणदासने विचारलं.

“काम असं काही नाही. बघायची.”

“साईं, बघायला सिनेमा सस्ता पडेल,” टोपणदास म्हणाला, आणि एक खराब निघाली तर असावी म्हणून त्याने दोन कॉइली पुसून पुढ्यात ठेवल्या.

पुढे अडचणी आल्या त्या बहुतेक टोपणदासनेच सोडवल्या. मोटारीत कॉइलकडे जाणारा प्रवाह इंजिन स्वतःच सारखा जोडतं आणि तोडतं. इंजिन नसेल तर ते कोणी करायचं? टोपणदासने एका ट्रकचा भोंगा काढून दिला. भोंग्याची वाटी उतरवली की आत एक थरथरणारी पट्टी उरते. तिच्या टोकाला समोरासमोर दोन बारीक टिकल्या असतात. त्या चिकटतात आणि सुटतात, चिकटतात आणि सुटतात. झालं इंजिनाचं काम. तार विष्णुपंतांनी बांबूच्या नळकांड्यावर गुंडाळली. रेषेला रेष लावायची सवय हाताला होतीच. वरून सुतार लावतात तो चपडा दिला. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या मालिनीबाईंनी दिल्या, असं विष्णुपंत सांगत. मालिनीबाईंनी फक्त नाही म्हटलं नव्हतं.

बॅटरी भरून आणायलाही टोपणदासकडेच जावं लागे. सायकलच्या मागे बांधून आणताना तिच्यातलं तेजाब हिंदकळे. विष्णुपंतांच्या सगळ्या पायजम्यांना एकाच उंचीवर भोकं होती.

एका संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांनी बटण दाबलं. पट्टी गुणगुणायला लागली. बांबूच्या डोक्यावर उपडी घातलेल्या पितळी लोटीतून एक जांभळट रेघ हवेत निघाली, तिला फाटे फुटले आणि ते फाटे गवताच्या मुळांसारखे चाचपडत राहिले. वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसा वास खोलीत भरला. गिरवलेली नव्हती अशी ही विष्णुपंतांची पहिली रेघ. मालिनीबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“हात नाही ना लावायचा?”

“नाही.”

“मग पानं घेते,” त्या म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या तांदळाचं सूप घेऊन त्याच खोलीत येऊन बसल्या. कारखान्यात बदललेली एक निकामी नळी विष्णुपंतांनी आणली होती. त्यांनी ती हातात धरली की तिच्यात निळसर पांढरा उजेड भरे. त्या उजेडात मालिनीबाईंनी तांदूळ निवडून पाहिले आणि खडे नाचतात म्हणून सूप बाजूला ठेवलं. मात्र त्या उठल्या नाहीत. त्यानंतर रोज संध्याकाळी थोडा वेळ दोघंही तिथे बसू लागली. बोलणं फारसं होत नसे. विष्णुपंत नळी वर-खाली करत आणि मालिनीबाई ती कुठे विझते ते सांगत.

पंचावन्न सालच्या पाडव्याला हिरामणने रेडिओ घेतला. गावातला पहिला. गावात वीज आली नव्हती, म्हणून विटेएवढ्या जाड कोरड्या बॅटरीवर चालणारा. कुठून घ्यावा म्हणून त्याने विष्णुपंतांना विचारलं आणि विष्णुपंतांनी टोपणदासचं नाव सांगितलं. टोपणदासने तोवर पुढच्या फळीवर रेडिओ मांडायला सुरुवात केली होती. हिरामणने सेट बैलगाडीतून, गवतावर ठेवून, वर उपरणं पांघरून आणला. संध्याकाळी बाजारभाव आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकायला अर्धं गाव ओटीवर जमलं. बनूबाईने रेडिओला ओवाळलं.

दिवे लागले आणि रेडिओ खरखरू लागला. पापड तळावेत तसा आवाज. बोलणारा माणूस त्याच्याखाली दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशीही दिवेलागणीला तेच. हिरामणने सेट ओटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, मग माजघरात नेला, मग एरियलची लिंबावरची तार काढून चिंचेवर बांधली. अखेर त्याने भिंतीवर थाप मारली आणि कारखान्यातलं माणूस म्हणून विष्णुपंतांना हाक घातली.

विष्णुपंतांनी आपलं यंत्र बंद केलं, चपला घातल्या आणि ते पलीकडे गेले. ते पोचेपर्यंत रेडिओ स्वच्छ बोलत होता. तरी आलोच आहोत म्हणून त्यांनी मागची फळी उघडली, आतल्या लालसर पेटलेल्या नळ्यांकडे पाहिलं आणि फळी लावली.

“पंतांनी नुसतं बगितलं तं रेडिओ भ्याला,” हिरामणने सगळ्यांना सांगितलं.

असं दोन-चारदा झालं. विष्णुपंतांचं नाव झालं. खालच्या आळीतून एक बंद पडलेलं घड्याळ आलं, मग एक शिवणयंत्र आलं. शिवणयंत्र सुरू झालं. घड्याळ त्यांनी नम्रपणे परत केलं. एवढ्या वर्षांत प्रथमच बनूबाई त्यांच्याकडे वाटीतून काहीबाही पाठवू लागली.

एकदा हाक आली तेव्हा ते यंत्र चालू ठेवूनच गेले. रेडिओ भाजून निघत होता. विष्णुपंत मागची फळी उघडून पाहत राहिले, हिरामण त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. इतक्यात खरखर थांबली. विष्णुपंत घरी आले तेव्हा मालिनीबाई बटणाजवळ उभ्या होत्या.

“मीच बंद केलं,” त्या म्हणाल्या. “तुमचंच आहे ते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

विष्णुपंतांना माहीत नव्हतं. रेडिओ असलेल्या माणसाशेजारी ते आयुष्यात कधी राहिले नव्हते. ठिणगी हवेत जे करते ते भिंत पार करून जातं आणि रेडिओला ऐकू येतं, हे आता मासिक न वाचताही स्पष्ट होतं. मालिनीबाईंना हे बरेच दिवस स्पष्ट होतं.

हिरामणला सांगायचं म्हणजे यंत्र कायमचं बंद करायचं. विष्णुपंतांनी सांगितलं नाही. त्यांनी काही दिवस यंत्र लावलं नाही आणि त्यांना वाटलं की प्रश्न मिटला. मग पावसाळा आला. लांबवर कुठेतरी वीज चमके आणि रेडिओ तडतडे. गावोगावच्या सगळ्याच रेडिओंचं तसं होत होतं, पण हिरामणने दुसरा रेडिओ ऐकलेला नव्हता. सेटच खराब असा एकदा संशय बसल्यावर प्रत्येक तडतड त्याला टोपणदासची वाटू लागली. आणि विष्णुपंतांनाही राहवलं नाही. भिंतीपलीकडे शांत आहे असं पाहून ते यंत्र लावत. पण हिरामणला पाहुणा आला की कुठल्याही वेळी रेडिओ लावायची हौस होती.

हिरामण दोनदा सेट गाडीत घालून कॅम्पात घेऊन गेला. टोपणदासने तो दिवसभर वाजवून दाखवला. एकदाही खरखरला नाही. त्यावरून दुकानासमोर जे झालं ते हिरामणने घरी येऊन इतक्या तपशिलाने सांगितलं की विष्णुपंतांना भिंतीला कान लावावा लागला नाही. तुझ्याकडं वाजतो नि माझ्याकडं खरखरतो म्हंजे तू काय मंतर करतोस का, असं त्याने विचारलं होतं. टोपणदासने सेट बदलून दिला. बदललेला सेटही खरखरला. तेव्हापासून हिरामण बाजारात, नदीवर, लग्नकार्यात, जिथे जाईल तिथे टोपणदास लढाईतला भंगार माल रंग देऊन विकतो असं सांगू लागला. बदलापूरच्या बाजूचं गिऱ्हाईक कॅम्प दोनमधल्या त्या दुकानावरून पुढे जाऊ लागलं.

नवरात्रात विष्णुपंत बॅटरी भरायला गेले. टोपणदासने चहा मागवला. त्याच्या मागच्या फळीवर तीन नवे रेडिओ वेष्टनासकट होते. एरंजाडचा कोंडाजी आणि आणखी दोन गावचे पुढारी दसऱ्याला ते नेणार होते. आता हिरामण त्यांना गाडीतून कल्याणला दुसऱ्या दुकानात नेणार, असं कळलं होतं.

“बदलापूरवाले मला खरखरदास म्हणतात,” टोपणदास म्हणाला. तो चिडलेला नव्हता. “साईं, तुम्ही त्याच्या घरात राहता, पढेलिखे आहात. माझा सेट तिथे जाऊन काय करतो, एवढं बघून सांगा. मी खोलीन, दुरुस्त करीन. सगळं सोडून इथे आलो तेव्हा बरोबर नाव तेवढं होतं. त्याला काय झालं ते मला समजू तर दे.”

विष्णुपंतांनी चहा संपवला. बॅटरी भरायची आहे हे ते विसरले आणि रिकामीच घेऊन निघाले. टोपणदासने मागे धावून ती काढून घेतली आणि भरलेली एक बांधून दिली.

खंडेनवमीला सकाळी मालिनीबाईंनी हत्यारांची पूजा मांडली. दरवर्षी पाटावर विळी, अडकित्ता आणि विष्णुपंतांचं शाईचं रेषापेन असे. या वर्षी त्यांनी ते यंत्रही पाटावर घेतलं. बरण्या पुसल्या, लोटी चिंचेने घासली, झेंडूचं फूल वाहिलं आणि हळदकुंकू वाहताना थोडा विचार करून त्या थरथरणाऱ्या पट्टीच्या टोकाला, समोरासमोरच्या दोन टिकल्यांवर, गंधात कालवून कुंकू लावलं. सगळ्या यंत्रात कपाळ म्हणावं अशी तेवढीच जागा होती. विष्णुपंत पाहत होते. इतक्या दिवसांत मालिनीबाईंनी त्या यंत्राला कशाचंही नाव दिलं नव्हतं. आज ते हत्यारांत बसलं होतं.

दुपारी ते हिरामणकडे गेले. ओटीवर कोंडाजी आला होता. उद्या उजाडताच कल्याणला निघायचं ठरत होतं. रेडिओलाही कुंकू होतं, पण तो चालू होता. रेडिओ हत्यार नसून पाहुणा आहे असा निर्णय हिरामणने दिला होता. विष्णुपंत खाली बसले आणि त्यांना जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, “हिरामणभाऊ, खरखर माझ्यामुळे होते. टोपणदासचा त्यात काही दोष नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. हिरामणने मान हलवत ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर तो प्रेमाने हसला.

“पंत, तुमी भला मानूस,” तो म्हणाला. “त्यो सिंधी तुमची बॅटरी भरून देतो, तुमी त्याचा आळ आंगावर घेताव. मना काय समजत नाय का?”

“मी दाखवतो.”

“दाखवा.”

विष्णुपंतांनी मालिनीबाईंना बोलावून विचारलं. आज हत्यार चालवायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. उद्या सकाळी उशीर झालेला असेल, असं ते म्हणाले. मालिनीबाईंनी क्षणभर विचार केला आणि लावा म्हणाल्या. कोंडाजी रेडिओपाशी थांबला. हिरामण आणि बनूबाई दारात उभी राहिली. विष्णुपंतांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पट्टी गुणगुणली नाही. ओटीवर रेडिओ अतिशय स्वच्छ आवाजात खतांविषयी बोलत होता.

बॅटरी भरलेली होती. विष्णुपंतांनी तारा हलवून पाहिल्या आणि मग त्यांना दिसलं. टिकल्यांवरचं गंध वाळून कडक झालं होतं. प्रवाह तिथेच थांबत होता. खिशात पॉलिशपेपरचा तुकडा होता. एकदा घासलं असतं तर काम होतं. पण मालिनीबाई समोरच उभ्या होत्या, हात जोडल्यासारखे एकमेकांत धरून. वाहिलेलं कुंकू आज पुसायचं नसतं. आणि हे त्यांनी लावलेलं होतं.

विष्णुपंतांनी खिशातून हात बाहेर काढला.

“आज चालत नाही,” ते म्हणाले.

“नवमीला हत्यार निजतं,” बनूबाई म्हणाली. तिला यात नवल काहीच वाटलं नव्हतं. हिरामणने विष्णुपंतांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो निघून गेला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. पंतांसारखा शेजारी मिळायला नशीब लागतं, असं तो कोंडाजीला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालिनीबाई नेहमीपेक्षा आधी उठल्या, आंघोळ करून आल्या, पाटावरच्या हत्यारांवर अक्षता टाकून त्यांनी पूजा उतरवली. मग यंत्र खाली घेतलं आणि दिवा जवळ आणला.

“मी कुंकू लावलं तिथेच अडलं ना?” त्यांनी विचारलं.

“नाही. बॅटरीचं काहीतरी असेल.”

मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या खुंटीवरच्या सदऱ्यापाशी गेल्या, खिशातला पॉलिशपेपर त्यांनी काढला आणि खाली बसून, मोदकाची पारी करतात तितक्या हलक्या हाताने, त्या टिकल्या घासायला लागल्या.

“हे टोपणदास,” घासता घासता त्या म्हणाल्या, “यांच्या घरी कोण कोण आहे?”

विष्णुपंतांना ते माहीत नव्हतं. इतक्या फेऱ्यांत त्यांनी विचारलंच नव्हतं.

अंगणात गाडी जुंपली जात होती. ओटीवर रेडिओतून सनई चालू होती. दसरा असल्याने हिरामणने निघेपर्यंत ती वाजू द्यायचं ठरवलं होतं. मालिनीबाईंनी पट्टीवर फुंकर घातली आणि स्वतःच बटण दाबलं.

सनई पापडासारखी तळून निघाली.

अंगणातली बोलणी थांबली. मालिनीबाईंनी बटण बंद केलं. सनई आली. पुन्हा दाबलं. सनई गेली. हिरामण कासरा हातात घेऊनच खोलीच्या दारात आला. लोटीच्या डोक्यावरून जांभळे फाटे हवेत चाचपडत होते. त्याने ते पाहिले, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा ते पाहिले. कोंडाजीला त्याने रेडिओपाशी उभं केलं, स्वतः बटणापाशी बसला आणि एकदा बंद करून, पुन्हा दाबून विचारलं, “आता?”

“गेला,” कोंडाजी ओटीवरून ओरडला.

“आता?”

“आला.”

“आता?”

“गेला. अरे बैल बुजलं हितं.”

हिरामणने बटण बंद केलं. त्याने दारातून अंगणाकडे पाहिलं. दोन गावांचे पुढारी अंगणात होते, आणि त्या दोघांनाही टोपणदास चोर असल्याचं त्यानेच सांगितलं होतं. एकाला तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी थांबवून.

“काल मी बोललो ते तुमी खरंच बोलत व्हताव,” तो विष्णुपंतांना म्हणाला. वाक्य कुठून कुठे गेलं ते त्यालाही कळलं नसावं. “चला. गाडीत बसा.”

गाडी कल्याणला न जाता कॅम्प दोनला गेली. वाटेत हिरामणने एकदा गाडी थांबवून झुडपातून आपट्याची एक फांदी तोडून घेतली. टोपणदास दुकानाच्या दाराला तोरण बांधत होता. बदलापूरची गाडी पाहून तो स्टुलावरून खाली उतरला आणि हात पुसून उभा राहिला. आणखी एक सेट परत आला असावा असं त्याला वाटलं.

हिरामणने त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. सोनं घे, म्हणाला. मग तो त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून, बाजारातल्या शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चोर घावला. माझ्याच घरात व्हता. तुझा रेडिओ चोख हाय. आयकलं का रे सगळ्यांनी? चोख हाय.” त्याला माफी मागायची होती, आणि त्याची ती रीत होती.

टोपणदासने पानं नीट धरली आणि विष्णुपंतांकडे पाहिलं. विष्णुपंतांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चहा प्यायलो त्या दिवशीच आपल्याला ठाऊक होतं, हेही सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला आणि टोपणदासला पुढे वाकावं लागलं.

“माझीच कॉइल?” त्याने विचारलं.

“तुमचीच.”

“कॅम्पात दुसरीकडून नाही घेतली?”

“नाही.”

टोपणदासने मान हलवली. “मतलब कॉइल चांगली निघाली,” तो म्हणाला, आणि आत जाऊन रेडिओंची वेष्टनं सोडायला लागला. विष्णुपंतांशी तो त्या दिवशी पुन्हा बोलला नाही. बॅटरी भरायला नेल्यावर महिनाभर तो ती मुकाट्याने भरून देत असे आणि चहा मागवत नसे. नंतर मागवायला लागला. तोवर विष्णुपंतांनी त्याच्या घरी कोण कोण आहे तेही विचारून घेतलं होतं. म्हातारी आई होती, आणि दोन लहान मुली.

तीनही रेडिओ त्या दिवशी गेले. कोंडाजीने सेट उचलण्याआधी एकच खात्री करून घेतली, की पंतांचा एरंजाडला बिऱ्हाड हलवायचा विचार नाही.

परतीच्या वाटेवर विष्णुपंतांनी मनाशी यंत्र सुटं करायला घेतलं होतं. तार आधी काढायची, मग बरण्या धुऊन परत द्यायच्या. घर आलं तेव्हा ते बांबूपर्यंत पोचले होते. हिरामण बैल सोडत होता.

“पंत, येक टाइम असतो,” तो बैलाशी बोलावं तसं, त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “सांजच्याला मधीच येक बाप्या इंग्रजीत काय काय बोलतो. कोनाला कळत नाय. आमी तवा पान खातो. तवा लावा तुमचं.”

“चालेल?”

“आमी बंद ठेवू. बॅटरी पन वाचंल.”

तसंच ठरलं. रोज संध्याकाळी मराठी कार्यक्रम संपून इंग्रजी बातम्यांची घोषणा झाली की हिरामण रेडिओ बंद करी आणि भिंतीवर थाप मारी. मग विष्णुपंत बटण दाबत. पुढे ओटीवरची माणसं पान जुळवत दारात येऊन उभी राहू लागली, मग आत बसू लागली. बनूबाईला नळी हातात धरायला आवडे. मालिनीबाई भिंतीला टेकून बसत आणि ती कुठे विझते ते सांगत. बातम्या संपायच्या वेळेला हिरामण उठे आणि सगळे त्याच्यामागून परत ओटीवर जात. विष्णुपंत निवृत्त होऊन पुण्याला जाईपर्यंत हा क्रम चालू होता. त्या आळीत इंग्रजी समजणारे ते एकटेच होते, आणि जगात काय घडलं ते त्यांना नेहमी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्यावर कळे.